तेल अवीवच्या बसस्थानकातली फिलिपिनो खानावळ

तेल अवीवच्या मध्यवर्ती बसस्थानकात, चौथ्या मजल्यावर, फिलिपिनो दुकानांची रांग आहे. पैसे पाठवण्याच्या खिडक्या, मायदेशी धाडायची मोठमोठी खोकी आणि सुक्या मासळीचा वास यांच्या मधोमध असलेल्या एका छोट्या खानावळीत गेल्या शुक्रवारी सकाळी मी जेवले. मला तिथे नेले ते माझ्या आईची सहा वर्षे शुश्रूषा करणाऱ्या फिलिपिनो बाईने. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. आईला आता हिब्रू सुचत नाही, ती फक्त मराठीत बोलते. म्हणून ही बाई तिला 'आई' म्हणते आणि आई तिला 'बाय' अशी हाक मारते.

इथे वृद्धांची काळजी घेणाऱ्या कोणाही बाईला हिब्रूत सर्रास 'फिलिपिनीत', म्हणजे 'फिलिपिनो बाई', म्हणतात. हा शब्द मला फार खुपतो. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून जीव वाचवून निघालेल्या ज्यूंना जगातले बहुतेक देश दार बंद करत होते, तेव्हा फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मानुएल केसोन यांनी मनिलामध्ये सुमारे बाराशे जणांना आसरा दिला आणि त्यांच्यातल्या काहींच्या निवाऱ्यासाठी मारिकिना येथील स्वतःची जमीन देऊ केली. या कामात त्यांच्या पाठीशी मनिलात सिगारचा व्यवसाय करणारे फ्रीडर बंधू हे ज्यू कुटुंब उभे होते. त्या उपकाराची आठवण म्हणून रिशोन लेत्सियोन येथे २००९ साली उघड्या दारांचे स्मारक उभारले गेले. अशा देशाचे नाव आपण एका नोकरीला देऊन बसलो आहोत.

आता जेवणाविषयी. सर्वांत उत्तम पदार्थ म्हणजे सिनिगांग, चिंचेचे आंबट सार. त्यात खवल्यांचा मासा, मुळा, भेंडी, वांगे आणि नाळीची भाजी होती. पहिल्याच घोटाला चिंच जिभेला झोंबते आणि मग माशाची गोडी मागून येते. आमच्या घरच्या माशाच्या आमटीत नारळ असतो, इथे तो नाही, तरीही आंबटाची जात तीच वाटली. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तमालपत्र आणि मिरी घालून शिजवलेला कोंबडीचा आदोबो चवीला चांगला होता, पण भात गार होता आणि तो बदलून मागितला तेव्हा बराच वेळ लागला. बसायला चारच स्टूल आहेत.

कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम, पाळणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: इथे त्याच कट्ट्यावर डुकराचे मांस शिजते आणि डावही वेगळे नसतात. मी स्वतः बाहेरच्या भांड्यांबाबत तितकी कडक नाही, मात्र डुक्कर आणि कोळंबी खात नाही. हे सांगताच मालकिणीने कोणत्या पदार्थात काय आहे ते एकेक झाकण उघडून दाखवले. तिने एकाही पदार्थाबाबत 'चालेल हो' म्हणून वेळ मारून नेली नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटते. शनिवार हा बहुतेक फिलिपिनो बायकांच्या सुट्टीचा दिवस असल्यामुळे तेव्हा इथे खूप गर्दी असते, असे आमच्या बायने सांगितले. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळणाऱ्यांना शुक्रवारची सकाळच बरी.

निघताना आम्ही बिको बांधून घेतला. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात आणि तपकिरी साखरेत आटवून, केळीच्या पानावर थापून, वर नारळाच्या दुधाचा खमंग चुरा घातलेला हा गोड पदार्थ आहे. घरी मी त्याचा चौकोनी तुकडा आईच्या ताटलीत ठेवला. आमच्यात एलियाहू हन्नावी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नवसाला जो मलिदा करतात त्यात पोहे असतात, यात तांदूळ, पण गोड आणि नारळ दोन्हींत. आईने घास सावकाश चावला आणि बायकडे पाहून विचारले, "एलियाहू हन्नावीला नवस कोणी केला होता?"

बायने तिच्या हनुवटीवरचा नारळाचा कण पुसला आणि मराठीत सांगितले, "मी केला, आई."