मराठी बातमी-ब्लॉगसाठी गूगलचं ब्लॉगर: छपाई झकास, संपादन आपलं आपण

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात 'स्वतःचा बातमी-ब्लॉग चालवा' असा प्रकल्प आला की बहुतेक मुलं ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉग-सेवेकडे वळतात. कारण उघड आहे. पैसे पडत नाहीत, गूगलचं खातं आधीच असतं आणि दहा मिनिटांत पान उभं राहतं. नियमित बातम्या द्यायच्या, चुकल्या तर दुरुस्त करायच्या आणि त्यांची जबाबदारी घ्यायची, या कामात हे साधन मराठीत कुठवर साथ देतं, एवढंच इथे तपासलं आहे. कविता, पाककृती किंवा गडकिल्ल्यांच्या भटकंतीचा ब्लॉग असेल तर खालच्या निम्म्या तक्रारी तुम्हाला जाणवणारही नाहीत.

ब्लॉगर जुनं आहे. पायरा लॅब्जने ते ऑगस्ट १९९९ मध्ये सुरू केलं आणि फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने विकत घेतलं. बातमीशी त्याचं नातंही जुनंच. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मदतीची माहिती गोळा करणारा ब्लॉग मुंबईकरांच्या पुढाकाराने ब्लॉगस्पॉटवर (ब्लॉगरवरच्या ब्लॉगांचा फुकट पत्ता) चालला. ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर 'मुंबई हेल्प' या ब्लॉगवर माहिती दिली जात होती. मग काही दिवसांतच सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली आणि इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉट डॉट कॉम बंद करून टाकलं. दुसऱ्याच्या चाळीत खोली घेतली की शेजाऱ्याच्या भांडणात आपलाही नळ तुटतो, तसला प्रकार. पुढे २०१२ पासून भारतातल्या वाचकांना ब्लॉगस्पॉट डॉट इन हा पत्ता दिसू लागला, लोकांनी तोच सगळीकडे चिकटवला आणि २०२० मध्ये तो पत्ता गूगलच्या हातून गेला. फेसबुकवरचे आणि विकिपीडियावरचे कितीतरी जुने मराठी दुवे त्यामुळे मेले. ब्लॉग मात्र डॉट कॉमवर जिवंत होते.

म्हणून बातमी-ब्लॉगसाठी पहिला खर्च स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे स्वतःच्या नावाच्या वेब-पत्त्याचा, करावा. ते जोडायला ब्लॉगर काही घेत नाही. डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएस पानावर (पत्ता उघडल्यावर वाचकाला कुठे न्यायचं ते इथे ठरतं) सीनेम प्रकारच्या दोन नोंदी टाकायच्या: एक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची आणि दुसरी ब्लॉगर तुमच्यापुरती तयार करून देतं ती. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लिहिता पत्ता टाकणाऱ्या वाचकासाठी 'ए' प्रकारच्या चार नोंदी घालून सेटिंगमधलं पुनर्निर्देशन (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप नेणं) सुरू करायचं. नोंदी पसरायला काही तास, कधी पूर्ण दिवस जातो. तेवढ्यात 'चालत नाही' म्हणून त्या पुसून पुन्हा घालणं ही नेहमीची चूक, त्याने घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. शेवटी एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, चालू आहे ना ते पाहायचं.

पहिली बातमी टाकण्याआधी आणखी तीन सेटिंग बघायची. भाषा मराठी निवडली की तारखा, महिने आणि 'टिप्पणी' वगैरे शब्द मराठीत येतात. वेळेचा पट्टा कोलकाता करायचा. तो अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर राहून गेला तर ऋतूनुसार साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा फरक पडतो, म्हणजे सकाळी नऊची बातमी आदल्या दिवसाच्या तारखेने छापली जाते. बातमीत ही चूक माफ होत नाही. तिसरं, शोधवर्णनाची (गूगल शोधात दुव्याखाली दिसणाऱ्या ओळींची) सोय मुद्दाम चालू करावी लागते. ती बंद असेल तर लेखाच्या पानावर वर्णनाची चौकट दिसतच नाही. चालू केल्यावर १५० चिन्हांची मर्यादा असते आणि मराठीत काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जातात, त्यामुळे हाताशी साधारण पंधरा ते वीस शब्द उरतात. बातमीचा इंट्रो तिथे जसाच्या तसा चिकटवू नका, बसणार नाही.

आता पर्मालिंक, म्हणजे लेखाचा कायमचा पत्ता. मराठीत ब्लॉगर सगळ्यात जास्त इथे अडवतं. शीर्षकावरून पत्ता बनवताना ते देवनागरी अक्षरं सरळ गाळतं. पूर्ण मराठी शीर्षक असेल तर पत्ता होतो 'ब्लॉग-पोस्ट डॉट एचटीएमएल', पुढच्या बातमीला त्याच्यामागे एखादा आकडा लागतो. शीर्षकात इंग्रजी आकडा (1, 2, 3) असला तर तेवढाच उरतो. सहा महिन्यांनी आपलीच बातमी दुव्यावरून ओळखता येत नाही. उपाय सोपा आहे, पण प्रसिद्ध करण्याआधीच करायचा: उजवीकडच्या पट्टीत पर्मालिंक उघडा, 'सानुकूल' निवडा आणि रोमन लिपीत तीन-चार शब्द आडव्या रेघेने जोडून लिहा. लेख एकदा प्रसिद्ध झाला की पत्ता बदलत नाही. बदलायचाच असेल तर लेख मसुद्यात परत न्यावा लागतो, जुना दुवा तुटतो आणि मग सेटिंगमध्ये हाताने पुनर्निर्देशन लिहावं लागतं.

पत्त्यात बदलू शकणारी गोष्ट कधीच घालू नये. अपघाताच्या बातमीत मृतांचा आकडा, निकालाच्या बातमीत आघाडीचा आकडा, गुन्ह्याच्या बातमीत संशयिताचं नाव: संध्याकाळी शीर्षक बदलेल, पण पत्त्यातला सकाळचा आकडा व्हॉट्सॲपवर फिरत राहील. वर्ष आणि महिना ब्लॉगर स्वतःच पत्त्यात घालतं, ते पुन्हा लिहू नका.

वर्डप्रेस हे ब्लॉगचं दुसरं साधन इथे उलट्या टोकाला जातं. ते देवनागरी ठेवतं, पण संगणकाच्या पोटात एकेका चिन्हाचे नऊ वर्ण होतात आणि पत्त्याची जागा २०० वर्णांची असते. म्हणजे बावीसेक चिन्हांनंतर शीर्षक कापलं जातं, तेही बऱ्याचदा शब्दाच्या मध्येच. असा दुवा कुठे चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि वाचक तिला व्हायरस समजतो. तिथेही रोमन पत्ता हाताने लिहिलेलाच बरा.

ब्लॉगरची बहुतेक तयार रूपं (थीम) इंग्रजी अक्षरांसाठी घडवलेली आहेत. रोमन फाँटमध्ये देवनागरी नसली की ज्याच्या त्याच्या यंत्रातला फाँट लागतो आणि तुमचं पान प्रत्येक वाचकाला वेगळं दिसतं. मुक्त, बलू किंवा नोटो सान्स देवनागरी यांपैकी एक गूगल फाँट्समधून घालावा. (मुक्त आणि बलू मुंबईच्या एक टाइपचे आहेत. मजकुराला मुक्त, बलू फार तर शीर्षकाला.) सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, दोन गोष्टी शोधून बदला. ओळींमधली उंची १.२ च्या आसपास असेल तर ठळक शीर्षकात रफार आणि वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात, ती १.६ ते १.८ करा. अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर ते शून्यावर आणा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मजकूर दोन्ही कडांना सारखा लावण्याचा मोहही टाळा. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये नाले पडतात. 'डायनॅमिक व्ह्यूज' नावाची रूपं बातमीसाठी घेऊच नयेत, मंद इंटरनेटवर वाचक नुसतं फिरणारं चक्र बघत बसतो. जुनं 'सिंपल' रूप दिसायला साधं आहे, पण कामाचं आहे.

मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप झाला असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून मग रफार, जोडाक्षरं आणि 'ऱ्या' एकदा डोळ्यांखालून घाला. रूपांतरात मार बसतो तो तिथेच. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, 'ॲ'सुद्धा. दोन्ही दिसायला सारखे, पण ब्लॉगरच्या शोधाला ते वेगळे शब्द वाटतात. वर्गातल्या सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचं ठरवलं तर हा गोंधळ उगमातच थांबतो. वर्डमधून चिकटवताना साधा मजकूर म्हणूनच चिकटवा, नाहीतर वर्डचं सगळं अंगडंटोपडं पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये उतरतं आणि वर घातलेला फाँट लागतच नाही.

इथवरच्या अडचणी तासाभराच्या कामात सुटतात. खरी उणीव पुढे आहे: ब्लॉगर लेखाच्या जुन्या आवृत्त्या जपत नाही. दुपारी तीनला काय छापलं होतं आणि साडेचारला काय बदललं, याचा पुरावा पानावर नसतो, लेखकाकडेही नसतो. प्रसिद्धीची तारीख हाताने मागेपुढे करता येते आणि बदलाची वेळ वाचकाला आपोआप दिसत नाही. गुपचूप बदललेली बातमी ही ऑनलाइन पत्रकारितेची जुनी खोड आहे. मोठमोठी संकेतस्थळंही शीर्षक बदलतात आणि खाली फक्त 'अद्ययावत' लिहून मोकळी होतात. शिकणाऱ्याच्या हातात तीच खोड सोपी करणारं साधन देणं मला पटत नाही.

त्यावरची हातची पद्धत अशी. मसुदा गूगल डॉक्समध्ये लिहायचा, कारण तिथे आवृत्त्यांचा इतिहास राहतो. प्रसिद्ध झाल्यावर लगेच, आणि प्रत्येक मोठ्या बदलाआधी, पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी सेवा) जतन करायचं. दुरुस्ती लेखाच्या शेवटी ठरलेल्या साच्यात लिहायची: 'दुरुस्ती (सायं. ६.१०): आधीच्या मजकुरात आघाडी ४,१०० मतांची दिली होती, ती १,४०० आहे.' जुनं काय होतं आणि नवं काय, दोन्ही. नुसतं 'चुकीबद्दल दिलगीर' याने वाचकाला काहीच कळत नाही. शब्दलेखनाच्या चुकांसाठी टीप नको. आकडा, नाव, पद, आरोप किंवा उद्धरण बदललं तर हवीच.

२३ नोव्हेंबर २०२४ ला झाली तशी विधानसभेची मतमोजणी क्षणाक्षणाला द्यायची असेल तर ब्लॉगरमध्ये त्यासाठी वेगळी सोय नाही. एकच लेख उघडा ठेवायचा, नवी नोंद वर घालायची, प्रत्येक नोंदीला ठळक वेळ आणि आकडा कुठून आला ते द्यायचं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचा आकडा आणि मोजणी केंद्रावरच्या प्रतिनिधीने सांगितलेला आकडा एकाच वाक्यात मिसळू नये, त्यांत फेऱ्यांचा फरक असतो. दोघांनी एकाच वेळी तो लेख उघडला तर शेवटी जतन करणाऱ्याचा मजकूर उरतो आणि दुसऱ्याच्या नोंदी जातात. म्हणून लेखात हात घालणारा एकच, बाकीच्यांनी त्याला निरोप पाठवायचे.

गटासाठी ब्लॉगर आणखी तोकडं पडतं. सदस्य १०० पर्यंत घेता येतात, पण भूमिका दोनच: प्रशासक आणि लेखक. लेखक थेट प्रसिद्ध करू शकतो. वर्डप्रेसमध्ये 'काँट्रिब्युटर' ही भूमिका आहे, तो लिहितो आणि संपादक तपासून सोडतो. शिवाय जुन्या आवृत्त्याही राहतात. पाच-सहा जणांचा वर्ग असेल तर हा एकच फरक निर्णायक मानावा, मग वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट खात्यात एक जीबीच जागा मिळते आणि त्यांच्या जाहिराती दिसतात, हे सोसून घ्यावं. आणि प्रशासक दोन ठेवा, तेही खासगी खात्यांवरून. कॉलेजने दिलेलं ईमेल पदवीनंतर बंद होतं आणि ब्लॉगची किल्ली त्याच्याबरोबर जाते.

वाचकसंख्येचा आतला तक्ता फारसा मनावर घेऊ नये. त्यात बॉटच्या, म्हणजे आपोआप पानं उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, भेटी मिसळतात, आणि 'माझ्या भेटी मोजू नका' हे निवडलं नसेल तर तुमच्याही. वाचक मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सचा क्रमांक सेटिंगमध्ये टाकला की चित्र बरंच खरं होतं. जाहिरातींचं म्हणाल, तर ॲडसेन्स ही गूगलची जाहिरातसेवा मराठीला चालते, पण खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हातात येत नाहीत. विद्यार्थ्याच्या ब्लॉगने त्या हिशेबात पडू नये, हे बरं.

त्याला एक कायदेशीर कारणही आहे. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम बातम्यांच्या प्रकाशकाला तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायला सांगतात. पद्धतशीर व्यवसाय किंवा धंदा म्हणून न लिहिणारी व्यक्ती प्रकाशकाच्या व्याख्येबाहेर ठेवलेली आहे. जाहिराती सुरू झाल्या की ही रेघ धूसर होते. (आचारसंहिता पाळण्याची सक्ती करणाऱ्या कलमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली होती.) अब्रुनुकसानी मात्र हौशी लेखकालाही लागू आहे. अल्पवयीन पीडितेची ओळख उघड करायला पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं कलम २३ मनाई करतं, आणि त्यात शाळा, कुटुंब, शेजारही येतात. ब्लॉगरवर ही ओळख अनपेक्षित जागांतून फुटते: चित्राच्या फाईलला दिलेल्या नावातून, कारण ते पत्त्यात दिसतं; बातमीला लावलेल्या गावाच्या लेबलमधून (विषयखुणेतून); आणि टिप्पण्यांतून. अशा बातमीवर टिप्पण्या बंदच ठेवा, एरवी 'नेहमी तपासून' हा पर्याय. फोटो चढवण्याआधी त्यातली ठिकाणाची माहिती काढून टाका.

बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात. ईमेलने वाचक जोडायचे असतील तर सबस्टॅक ही ईमेल-वार्तापत्रांची सेवा सरस आहे. नवे लेख वाचकांना ईमेलने पाठवणारी फीडबर्नरची सेवा २०२१ मध्ये बंद झाल्यापासून ब्लॉगरकडे त्याला उत्तर नाही. मात्र सबस्टॅकवर पैसे स्ट्राइप या ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीमार्फत येतात आणि भारतात तिचं खातं सहज मिळत नाही, त्यामुळे सशुल्क वर्गणीचा बेत करू नका.

एकट्याने एकच विषय धरून, म्हणजे एखाद्या नगरपालिकेच्या सभा किंवा एका तालुक्याचं पाणी, वर्षभर लिहायचं असेल तर ब्लॉगर घ्यावं: पाचपैकी साडेतीन. वर्गासाठी दोन. आणि महिन्यातून एकदा मजकुराची प्रत उतरवून ठेवा. त्या फाईलमध्ये फोटो नसतात, त्यांचे फक्त दुवे असतात, म्हणून मूळ फोटोंचा फोल्डर तारखेनुसार वेगळा जपा.