फवारणीची विद्राव्य खतं: टोमॅटोवर पाच महिने वापरल्यावर

मार्चमध्ये लावलेल्या एकरभर टोमॅटोचा शेवटचा तोडा परवा झाला. कोणत्या ग्रेडचं प्रमाण किती, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यात जात नाही.

रान चुनखडीचं, त्यामुळे शेंडे पिवळे पडायचे. अशा जमिनीत लोह असूनही मुळाला मिळत नाही. ग्रेड-२ च्या, म्हणजे लोह-जस्त वगैरे असलेल्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणाच्या, दोन फवारण्या घेतल्या आणि आठ-दहा दिवसांत झाडावर काळोखी, म्हणजे गडद हिरवा रंग आला. हा पैसा वसूल.

राग आहे तो कॅल्शियम नायट्रेटचा. फळं लिंबाएवढी झाली आणि बुडाला काळे चट्टे दिसले. फळाला कॅल्शियम कमी पडलं की असं होतं. दुकानदार म्हणाला, कॅल्शियम नायट्रेट ०:५२:३४ (फॉस्फेट आणि पालाशचं विद्राव्य खत) सोबत एकाच पंपात मारा. पंधरा लिटरच्या पंपात दोन्ही टाकलं आणि नासलेल्या दुधासारखं पांढरं साकळलं. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की न विरघळणारा साका होतो. बाभळीच्या काट्याने नोझल साफ करत सकाळ गेली, मजुरांची हजेरी अंगावर पडली. अख्खी पिशवी उलटीपालटी करून पाहिली: कंपनीचं नाव चार ठिकाणी, पण ‘फॉस्फेट, सल्फेटमध्ये मिसळू नका’ ही ओळ मराठीत कुठेच नाही. शेतकऱ्याला विकता ना, मग त्याच्या भाषेत एवढं तरी छापा!

नंतर वेगळं करून चार वेळा फवारलं, तरी चट्टे येतच राहिले. माल बोगस आहे, असं तेव्हा मी चार जणांना सांगितलं. ते मागे घेतो. काळी फळं जास्त होती ती ड्रिपच्या शेवटच्या ओळींत, जिथे लाईट गेली की पाणी अर्धवट पोचायचं. कॅल्शियम पाण्याबरोबर मुळातून चढतं. पानावर मारलेलं फळात जवळपास उतरतच नाही. मग रोज थोडं थोडं पाणी सुरू केलं, कॅल्शियमही ड्रिपमधून सोडलं. डागाळलेली फळं गेलीच, पण पुढची फळं स्वच्छ लागली.

पुढच्या हंगामात ग्रेड-२ आणि फुलोऱ्यात बोरॉन फवारणार. कॅल्शियमच्या फवारणीवर रुपयाही घालणार नाही. कॅल्शियम नायट्रेटची उघडी पिशवी हवेतला ओलावा ओढते. माझं सहा किलो जूनमध्ये पाणी होऊन गेलं. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हेही पिशवीवर मराठीत नव्हतं.