बधिर तळपाय आणि हातातली काठी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मी 71 वर्षांची निवृत्त शिक्षिका असून नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. मधुमेहाला 19 वर्षे झाली आणि गेल्या चार-पाच वर्षांत दोन्ही तळपाय हळूहळू बधिर होत गेले. फरशीवर पाय ठेवला तरी तो गादीवर ठेवल्यासारखा वाटतो. मागच्या आषाढात भाजी घेऊन येताना एका पायातली चप्पल कधी निसटली हे मला कळलेच नाही. शेजारच्या वहिनींनी फाटकापाशी थांबवून दाखवले, तेव्हा माझा एक पाय अनवाणी आणि चिखलाने भरलेला होता. पुढे श्रावणात एके सकाळी बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले आणि त्याच क्षणी मी बाजूच्या कपाटावर कलंडले. मनगट सुजले, हाड मोडले नाही, एवढेच दैव.

डॉक्टरांनी तळपायाला 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू टेकवून पाहिला, तो मला दहापैकी तीनच ठिकाणी जाणवला. नंतर त्यांनी 128 हर्ट्झचा नादकाटा वाजवून अंगठ्यावर ठेवला. ध्वनीच्या धड्याला मी वर्षानुवर्षे मुलांपुढे नादकाटा वाजवला होता, त्यामुळे तो कंप पावतो आहे हे डोळ्यांना दिसत होते. पण अंगठ्याला काहीच कळत नव्हते. घोट्यावरही नाही. गुडघ्यापाशी आणल्यावर मात्र तो स्पष्ट गुणगुणला. मग पाय जुळवून उभे करून त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि मी लगेच डोलू लागले. शरीराचा तोल डोळे, अंतर्कर्ण आणि पायांकडून येणारी संवेदना या तिघांच्या भरवशावर राहतो. माझ्या पायांनी काम सोडले होते आणि बेसिनपाशी मी डोळेही मिटून घेतले होते, हे तेव्हा उमगले.

मुलाने काळजीपोटी त्याच संध्याकाळी चार पायांची काठी आणली. ती मी तीन आठवडे वापरली आणि माझ्यासारखीला ती सोयीची नाही असे माझे स्पष्ट मत झाले. तिचे चारही पाय एकदम टेकले तरच ती स्थिर राहते, त्यामुळे मोडक्या पेव्हर ब्लॉकवर ती स्वतःच डुगडुगते. आमच्या जिन्याची पायरी अरुंद असल्याने तिचा तळ पायरीवर पुरता बसत नाही आणि पाऊल टाकण्याची लयही मोडते. ज्यांच्या पायात बळच उरलेले नाही किंवा ज्यांना उभ्याउभ्या तिच्यावर भार टाकावा लागतो, त्यांना ती उपयोगी असेल. माझ्या पायात बळ आहे, कमी आहे ती माहिती.

हा फरक मला एका तरुण फिजिओथेरपिस्टने समजावला. तिने एका पायाची, उंची कमीजास्त करता येणारी ॲल्युमिनियमची काठी घ्यायला लावली. ताठ उभे राहून हात सैल सोडला की मनगटाच्या घडीपाशी मूठ यावी आणि मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे, अशी उंची तिने बसवून दिली. मी काठी घट्ट आवळून तिच्यावर रेललेली पाहून ती म्हणाली, “काकू, हिच्यावर भार नका टाकू. हिला फक्त जमीन चाचपू द्या, तुमच्या हाताला कळलं की पायाला कळेल.” बोटांच्या टोकांनी भिंतीला नुसता स्पर्श केला तरी शरीराचे डोलणे कमी होते, हेही तिने मला भिंतीपाशी उभे करून दाखवले. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात जेम्स रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायांच्या नसा बिघडलेल्या ज्येष्ठांना अंधूक उजेडात, उंचसखल जमिनीवर चालवून पाहिले होते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काठी, घोट्याचा आधारपट्टा आणि भिंतीचा स्पर्श या तिन्हींनी पावले अधिक नियमित पडत असल्याचे आढळले. मी नेमकी अशाच जमिनीवर आणि अशाच उजेडात पडण्याला भीत होते, म्हणून हे वाचून फार धीर आला.

पहिले दोन महिने काठी मला अडचणच वाटली. पिशवी कोणत्या हातात धरायची, साडीच्या निऱ्या कशा आवरायच्या, जिन्याच्या कठड्याला कोणता हात द्यायचा, सगळेच नव्याने शिकावे लागले. आता डाव्या हातात काठी आणि उजवा हात कठड्याला असे बसून गेले आहे. दोन्ही पाय सारखेच बधिर असल्याने हात कोणताही चालतो. एक पाय अधिक कमजोर असेल तर काठी त्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. पंचवटीतल्या उताराच्या बोळात काठी टेकताच दगड ओला आहे, हलतो आहे की पक्का आहे, हे तळहाताला कळते. पूर्वी ते तळपायाला कळत असे.

तक्रारी सांगितल्या नाहीत तर हा अनुभव अर्धाच राहील. काठीच्या टोकाचे रबरी बूट चौथ्या महिन्यात एका बाजूने इतके झिजले की आतली धातूची कड फरशीला लागू लागली. ओले रबर गुळगुळीत फरशीवर सरळ घसरते, म्हणून पावसातून घरात शिरताना पायपुसण्यावर पायांआधी काठीचे टोक पुसायचे, हा माझा नियम झाला आहे. उंचीच्या खटक्यापाशी सैल झालेले कडे खुळखुळते. ते दर आठवड्याला आवळावे लागते. सर्वांत मोठी अडचण ही की भिंतीला टेकवून ठेवलेली काठी पडते. सहाव्या महिन्यात रात्री वीज गेली असताना पलंगापाशी टेकवलेली काठी खाली घरंगळली होती. तिच्याशिवाय उठले आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले. नऊ महिन्यांत एवढे एकदाच. दुसऱ्या दिवशी ह्यांनी पलंगाच्या कडेला हूक ठोकून काठीला दोरीचा फास लावला आणि वीज गेल्यावर आपोआप लागणारा बॅटरीचा दिवा बसवून घेतला. ज्याचे पाय बधिर आहेत त्याच्यासाठी अंधार म्हणजे तोलाचा दुसरा खांबही निघणे. माझ्या मते काठी विकत घेण्याच्या आधी पलंगापासून न्हाणीघरापर्यंतचा उजेड पाहावा. तेथे भिंतीत आडव्या-उभ्या दांड्याही बसवल्या आहेत, आणि अंघोळ मी स्टुलावर बसूनच करते, कारण डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटतातच.

चष्म्याने मला बरेच दिवस फसवले. दोन भिंगांच्या चष्म्यातून पायरीकडे पाहिले की खालच्या, वाचायच्या भिंगातून ती पुसट दिसते. आता बाहेर जाताना मी केवळ लांबचा चष्मा घालते.

पादत्राणांबद्दल एक समजूत मलाही होती की तळ जितका मऊ आणि जाड तितका चांगला. प्रत्यक्षात फार जाड, स्पंजासारख्या तळामुळे पायाला उरलीसुरली जाणीवही पोहोचत नाही. मी मायक्रोसेल्युलर म्हणजे बारीक हवेच्या पोकळ्या असलेल्या रबराची, मागून पट्टा असलेली सँडल वापरते. तिचा आतला थर मऊ असून खालचा तळ टणक आहे. बधिर पायांसाठी हे रबर वापरण्याची वाट वेल्लोरला कुष्ठरुग्णांसाठी झटलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांच्या कामातून रुळली, हे कळल्यावर त्या साध्या सँडलबद्दल माझ्या मनात आदर निर्माण झाला. घरात चप्पल घालणे आमच्या पिढीला रुचत नाही. मी घरासाठी वेगळी जोडी ठेवली आणि देवघरापुरती ती काढते. रामनवमीच्या सुमारास काळाराम मंदिरात जायचे होते, तेव्हा दगडी फरशी तापायच्या आत, पहाटे मोजे घालून गेले. तापलेल्या दगडाने तळवा भाजला तरी मला कळले नसते. रामकुंडाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर मी आता उतरत नाही. वाईट वाटते, पण तेथे काठीचाही भरवसा नाही.

काठीने जे होत नाही तेही लिहिते. उठताच डोळ्यांपुढे अंधारी येत असे ती काठीने थांबली नाही. झोपून आणि मग उभे राहून रक्तदाब मोजला तेव्हा वरचा आकडा 20 पेक्षा जास्त उतरत होता. डॉक्टरांनी एका गोळीचे प्रमाण बदलले आणि मी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसून मगच उठू लागले. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षे चालू असली की बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून त्यांनी ते तपासले, ते कमी निघाले आणि इंजेक्शने सुरू झाली. रोज हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे आणि ओट्याला धरून टाचा उचलणे हा व्यायाम मी सोडलेला नाही, कारण पडताना सावरायचे ते पायाच्या बळानेच.

एका पायाची ही काठी 640 रुपयांची होती आणि अजून तीच आहे. तिच्यासाठी तिसरे रबरी बूट आणून ठेवले आहे. मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी जुने बूट काढून नवे बसवायचे आहे.