‘फोर सीझन’ कॅम्पर आणि मीकरजवळची एक रात्र

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या (एका मोठ्या हरणाच्या) शिकारीचा रायफलचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने चालतो, आणि शेवटच्या टप्प्यात मीकर गावाच्या वरच्या अंगाला, व्हाइट रिव्हरच्या जंगलात, रात्रीचा पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत सहज उतरतो. दोन हंगाम तंबूत कुडकुडल्यावर मी गेल्या सप्टेंबरात डेन्व्हरजवळच्या एका गृहस्थाकडून वापरलेला कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचा, आत राहता येणारा ट्रेलर, साडेचौदा हजार डॉलरना घेतला. (भारतात शिकारीला बंदी असल्याने घरच्यांना हा छंदच पटत नाही, ट्रेलरची खरी किंमत त्यांना अजून सांगितलेली नाही.)

ट्रेलरच्या दर्शनी बाजूला ‘फोर सीझन’, म्हणजे चारही ऋतूंत वापरण्याजोगा, अशी पट्टी होती आणि ती पाहून मी निर्धास्त झालो. वास्तविक या शब्दांना कोणतीही बंधनकारक व्याख्या नाही. शिवाय ती पट्टी मूळची नव्हतीच, कारण तिच्या कोपऱ्याखाली उन्हाने पिवळ्या पडलेल्या जुन्या पट्टीची कड दिसत होती, जी मी फार उशिरा पाहिली. विक्रेत्याने गॅसवर चालणारा हीटर लावून दाखवला तोही दुपारी, ट्रेलर घराच्या विजेला जोडलेला असताना. ट्रेलरच्या तळाखालचे काळे प्लास्टिकचे आवरण दाखवून ‘पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्यांना आतून गरम हवा मिळते’ असे त्याने छातीठोकपणे सांगितले.

पहिल्याच रात्री, नऊला लावलेला हीटर दोनच्या सुमारास बंद पडला. मला गॅस गोठल्याची शंका आली, पण हीटरचा गॅस, प्रोपेन, उणे बेचाळीस अंशांपर्यंत वायुरूप होत राहतो. दोष बॅटरीचा होता. हीटरचा पंखा बारा व्होल्टवर सात-आठ अँपिअर ओढतो, शिसे-आम्लाच्या बॅटरीची क्षमता थंडीत घटते, आणि ‘नवी’ म्हणून दिलेल्या बॅटरीच्या डबीवरील तारखेचा शिक्का खरवडून टाकलेला होता. सकाळी सांडपाण्याच्या टाकीची झडप तडकलेली आढळली. आवरणाचे स्क्रू काढले, तर आत ना गरम हवेची नळी होती ना उष्णतारोधक थर; उंदरांचे एक घरटे आणि बोटाने दाबताच भुगा होणारे ओले लाकूड मात्र होते. स्क्रू तेवढे नवे, चकचकीत होते.

त्या गृहस्थाने माझा फोन एकदाच उचलला. ‘आहे त्या स्थितीत’ असे लिहिलेल्या कागदावर माझी सही असल्याची त्याने शांतपणे आठवण करून दिली, आणि वकिलानेही खर्चाच्या मानाने पदरात फारसे पडणार नाही असे सांगितले.

निवडही मुळात चुकलीच होती. बर्फाच्या अरुंद जंगलवाटेवर ट्रेलर ओढण्यापेक्षा पिकअपवर बसणारा, कडक भिंतींचा आणि टाक्या गरम भागात असलेला ट्रक कॅम्पर बरा, असे आता माझे मत झाले आहे. मात्र पाणी, गॅस आणि सामानासह त्याचे वजन चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेल्या भारमर्यादेत बसले पाहिजे. परवा तसाच एक पाहायला गेलो आणि खालचे चार स्क्रू काढून पाहू का, असे विचारले. विक्रेता नको म्हणाला, तेव्हा मी गाडी वळवली.