पापणीचा प्राइमर: मॅक, अर्बन डिके की निक्स?

दुपारच्या मुहूर्ताला लावलेली आयशॅडो पंगत उठेपर्यंत पापणीच्या घडीत गोळा होते, तेव्हा दोष बहुधा पॅलेटचा, म्हणजे रंगांच्या डबीचा नसतो. पापणीला तेल सुटतं, घाम येतो, डोळा मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटतो. तेलात भिजलेली पावडर मग घडीकडे सरकते. प्राइमर त्वचा आणि रंग यांच्यामध्ये थर धरतो. बहुतेक प्राइमर सिलिकोनचे असतात. त्यातला उडणारा भाग मिनिटभरात उडतो आणि मागे राहिलेल्या थरात त्वचेचं तेल सहज मुरत नाही.

पण टिकणं वेगळं आणि उठून दिसणं वेगळं. खरेदीत गल्लत होते ती इथेच.

अर्बन डिकेचं प्रायमर पोशन टिकण्यात पहिलं. त्यातला 'ओरिजिनल' वाळला की दिसेनासा होतो, म्हणजे पापणीचा काळपटपणा आहे तसाच राहतो. तो झाकायचा तर त्यांचाच 'इडन' घ्यावा, तो मॅट (बिनचमकीचा) आणि त्वचेच्या रंगाचा आहे. मॅकचा पेंट पॉट खरं तर क्रीम आयशॅडो, पण गव्हाळ किंवा सावळ्या पापणीवर रंग खुलवायला आमची पहिली पसंती त्यालाच. 'पेंटर्ली' गुलाबीकडे झुकतो, 'सॉफ्ट ओकर' पिवळसर आहे. जांभळट-तपकिरी पापणीवर सॉफ्ट ओकर जास्त चालतो. डबी 5 ग्रॅमची, महाग वाटते. पण एका वेळी लागतं इतकं थोडं की संपण्याआधी ती वाळेल. झाकण घट्ट लावणं एवढंच आपल्या हातात.

निक्सचा आयशॅडो बेस पांढऱ्या रंगात घेतला तर शहापुरी साडीच्या काठाशी जुळणारा मोरपंखी किंवा राणी रंग पॅलेटमध्ये दिसतो तसाच पापणीवर उतरतो. मात्र तो जाड लावला की रेघ पडणारच, आणि फिक्या तपकिरी छटा त्यावर खडूसारख्या दिसतात. त्या छटांसाठी त्याचाच 'स्किन टोन' घ्या. सुट्या चमकीला यातलं काहीच पुरत नाही. तिला चिकट ग्लिटर प्रायमरच हवा.

कन्सीलरवर, म्हणजे डाग झाकायच्या क्रीमवर भागवू नका. बरेचसे कन्सीलर ओलसरच राहतात आणि दोन तासांत घडीत जमतात. दुकानात नुसतं 'प्राइमर' म्हटलं तर चेहऱ्याचाच पुढे येतो, तेव्हा 'पापणीचा' असं स्पष्ट सांगा. टेस्टर असेल तर हाताच्या पाठीवर लावून मिनिटभर थांबा, वर आयशॅडो लावा, शेजारच्या कोऱ्या त्वचेवरही तीच लावा आणि दोन्हींवर बोट घासून बघा. फरक तिथेच कळतो.

लावताना पापणी कोरडी हवी. सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर भुवईखालच्या हाडापाशी थांबवा. वर लावलेला प्राइमर त्यांच्यावरूनच घसरतो. दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढा प्राइमर पुरे. अनामिकेने पापणीच्या कडेपासून घडीच्या थोडं वरपर्यंत थापटा, चोळू नका. नजर खाली ठेवून मिनिटभर थांबा. लगेच डोळे उघडले तर ओल्या थरावरच घडी उमटते. मॅट रंग मिसळायचा असेल तर आधी त्वचेच्या रंगाची पावडर हलकी फिरवा, नाहीतर ब्रश जिथे पहिल्यांदा टेकेल तिथे डाग बसतो. शिमरला, म्हणजे चमकदार आयशॅडोला ही पावडर नको. प्राइमरचा थर किंचित चिकट असतानाच शिमर बोटाने दाबून लावा.

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात थर वाळायला जास्त वेळ लागतो, तिथे दोन मिनिटं थांबा. अथणी-चिकोडीच्या उन्हाळ्यात उलट पेंट पॉट बोटावरच घट्ट होतो, म्हणून एका वेळी एकच डोळा करा. तेलकट काजळ खालच्या पापणीवर असेल तर कितीही भारी प्राइमर असला तरी तिथला रंग पसरतो. त्याला वॉटरप्रूफ पेन्सिल हाच उपाय.

काढताना नुसत्या पाण्याने घासू नका. तेल असलेला मेकअप रिमूव्हर कापसावर घेऊन वीस-तीस सेकंद पापणीवर दाबून धरा, मग खाली पुसा. वेष्टनावरच्या उघड्या डबीच्या चित्रात उघडल्यानंतरच्या महिन्यांची मुदत (उदा. 6 किंवा 12) असते; उघडल्याची तारीख ट्यूबवर लिहून ठेवा. आधी पाणी आणि मागून लगदा येऊ लागला, किंवा वास बदलला, तर मुदत बाकी असली तरी ट्यूब टाकून द्या.