मेघालयाचं परमिट आणि माझे 36,299 रुपये

मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे. लोकांची प्रवासबिलं तपासायची, जीएसटी नंबर जुळवायचे, पावती नसेल तर कागद परत पाठवायचा, याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून 'बाईला व्यवहारातलं काही कळत नसणार' असं तुम्ही म्हणाल. कळतं. तरीही 36,299 रुपये गेले.

नोकरी सांभाळून अकरा वर्षं मी प्रवासावर लिहिते आहे. रविवारी सकाळी, कपड्यांचं मशीन लावलं की. दोन दिवाळी अंकांत लेख आले. एकाने 300 रुपयांचा चेक पाठवला, दुसऱ्याने नुसता अंक. बाकी सगळं फेसबुकवर, तीस-चाळीस लाइक, त्यातले निम्मे माहेरचे.

फेब्रुवारीत व्हॉट्सॲपवर मेसेज आला. 'मॅडम, नोंग्रियाटच्या पुलावरचा आपला लेख आमच्या संपादक मंडळाने वाचला.' नोंग्रियाट म्हणजे चेरापुंजीजवळचं ते गाव, जिथे रबराच्या झाडाची जिवंत मुळं वळवून दुमजली पूल केला आहे. साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या उतरायच्या आणि मग त्याच चढायच्या. 'उतरताना गुडघे बोलतात, चढताना माणूस बोलायचा थांबतो,' असं मी त्यात लिहिलं होतं. त्या माणसाने हे वाक्य जसंच्या तसं मला पाठवलं. अकरा वर्षांत माझं वाक्य कुणी मलाच परत म्हणून दाखवलं नव्हतं. घरच्यांनीसुद्धा नाही. मी तिथेच संपले होते, पुढचे हिशेब नंतरचे.

प्रवासलेखांचा संग्रह निघणार, तुमची निवड झाली, नोंदणी 499 रुपये. भरले. चार दिवसांनी माझ्या खात्यात 750 रुपये आले, 'लेखाचं मानधन' म्हणून. आता हे 750 म्हणजे काय, ते तुम्ही ओळखलंच असेल. ऑनलाइन 'टास्क' देऊन फसवणारे विश्वास बसावा म्हणून पहिल्या दिवशी थोडे पैसे देतात ना, तेच. मलाही माहीत होतं. पण ते व्हिडिओ लाइक करणाऱ्यांना देतात, मला तर लेखाचे दिले होते! मी त्याचा स्क्रीनशॉट काढून बहिणीला पाठवला.

मग 'संपादन, मांडणी आणि आयएसबीएन' यांचे 3,500. तेही भरले. (आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात तो फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडे अर्ज करायचा, शुल्क शून्य. त्याचे वेगळे पैसे कुणी लावले तर तिथेच उठा.)

याच सुमारास मॅडमची ताई झाले. 'ताई, तुमच्यात गोडसे भटजींचा वारसा आहे.' फोनवर हे ऐकताना मी गॅस बारीक केला होता, नीट ऐकू यावं म्हणून. 'माझा प्रवास' लिहिणारे गोडसे भटजी 1857 च्या धामधुमीत दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघाले आणि वाटेत लुटले गेले. तेवढा वारसा मी चोख चालवला.

मार्चमध्ये खरी गोष्ट आली. लेखकांसाठी मेघालयाची सहा दिवसांची फॅम ट्रिप, म्हणजे लिहिणाऱ्यांना ठिकाण दाखवायला नेतात ती सहल, सगळा खर्च त्यांचा, परत आल्यावर चार लेख, प्रत्येकी 8,000 रुपये. फक्त लेखक आयत्या वेळी गळतात म्हणून 25,000 रुपये अनामत, ट्रिपच्या शेवटच्या दिवशी परत. मला ते पटलंही. ऑफिसच्या सहलीत माणसं गळतात, तो अनुभव मलाच आहे. आणि रजा मंजूर करून घेतली होती, तीही साहेबांशी भांडून. 25,000 भरले. दुसऱ्या दिवशी त्यावर 18 टक्के जीएसटी, 4,500. परत मिळणाऱ्या अनामतीवर जीएसटी लागत नाही. हे वाक्य मी वर्षातून चारदा तरी कुणाला तरी ऑफिसात ऐकवते. स्वतःला ऐकवलं नाही.

पण त्याचंही इतकं लागलेलं नाही. लागलंय ते परमिटचं.

2,800 रुपये, 'मेघालय इनर लाइन परमिट, तातडीचे.' मंगळवार होता, जेवणाची सुट्टी, डबा उघडा समोर. इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्या माणसाला राज्यात शिरायचा परवाना, लागतं अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरला. मेघालयाला लागत नाही. हे मला ठाऊक आहे. नुसतं ठाऊक नाही, ज्या लेखाचं कौतुक करून या माणसाने मला गाठलं, त्याच लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिलंय की 'इथे परमिटची भानगड नाही, उगाच घाबरू नका.' माझंच वाक्य. त्याने लेख वाचला नव्हता, वरचं एक वाक्य उचललं होतं. आणि मी? मीसुद्धा तो वाचला नाही. बोट क्षणभर थांबलं होतं, खोटं कशाला बोलू. मनात आलं की नियम बदलला असेल, विचारलं तर त्यांना वाटेल बाई नवशिकी आहे. नवशिकी दिसू नये म्हणून पिन टाकला. पिनच्या आधी स्क्रीनवर संस्थेचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं, आणि दर वेळी वेगळ्याच माणसाचं. यूपीआय ते नाव दाखवतं ते वाचण्यासाठीच. वाचा.

भांडं फुटलं ते मुलीमुळे. नववीत आहे. फ्रिजवर चिकटवलेला कार्यक्रम वाचून म्हणाली, 'आई, शिलाँग रेल्वे स्थानकावर स्वागत म्हणजे? शिलाँगला रेल्वे कुठे जाते?' नाही जात. गुवाहाटीला उतरून रस्त्याने जावं लागतं. मी स्वतः गेले आहे त्या रस्त्याने. फोन लावला तर आधी 'ताई, टायपिंगची चूक', मग 'खोली अपग्रेडचे 9,000 भरा, मग बोलू', मग ब्लॉक.

हिशेब लिहून ठेवते: 499, 3,500, 25,000, 4,500, 2,800. एकूण 36,299. वजा ते 750, म्हणजे 35,549. नवरा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

लाजेने मी सहा दिवस गप्प बसले, ही माझी चूक आणि सगळ्यात महाग चूक. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पहिल्या तासात फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधीच अडवता येतात, सहा दिवसांनी तिथे काय राहणार?

पण चूक माझी म्हणून बाकीच्यांना मोकळं सोडायचं का? बँकेत गेले. 'पिन तुम्हीच टाकलात ना?' मी रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाचं नाव काढलं, तर म्हणाले ते परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना, तुमची तर परवानगी होती. बरोबर आहे, पण ते सांगताना हसायचं काय कारण? समोरची खाती नावानिशी, व्यवहार क्रमांकानिशी लिहून दिली. 'आम्ही त्या बँकेला मेल करतो.' आज पाच आठवडे झाले, मेलची प्रत मागितली तर 'अंतर्गत बाब' आहे.

पोलीस स्टेशनला पहिल्यांदा सांगितलं, सायबरला जा. सायबरला सांगितलं, रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीतच द्या. परत हद्दीत. टेबलामागचे म्हणाले, 'म्हणजे फिरायला जायचं होतं आणि गेला नाहीत, एवढंच ना?' मग म्हणाले हा दिवाणी मामला आहे. मग 750 रुपयांचं ऐकून: 'त्यांनीच तुम्हाला पैसे दिलेत की!' मी म्हटलं, फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं 318 कलम आहे. तर म्हणाले, मॅडम, वकील आहात का? स्क्रीनशॉट चालणार नाहीत, प्रिंट आणा. 64 पानांच्या प्रिंट नेल्या, तर सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं 63 कलमाचं प्रमाणपत्र आणा. ते कुठे मिळतं? 'ते तुम्ही बघा.' तीन अर्ध्या रजा गेल्या, म्हणजे त्या ट्रिपसाठी मंजूर करून घेतलेल्या रजेतूनच. 420 चं 318 झालं, आणखी काय बदललं ते मला दिसलेलं नाही. सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे, क्रमांक आहे, 'प्रक्रियेत' आहे.

त्यांच्या पावतीवरचा जीएसटी नंबर मी नंतर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला. टाइल्सच्या दुकानाचा निघाला. अर्धं मिनिट लागलं. भरण्याआधीही अर्धंच लागलं असतं.

आणि एक, खऱ्या फॅम ट्रिपला लेखकाकडून अनामत, परमिट, 'प्रक्रिया' असलं काही घेत नाहीत. बोलावणारा खर्च करतो, तुम्ही लिहिता. मानधन कमी मिळेल, उशिरा मिळेल, बुडेलही. पण लिहिणाऱ्याने आधी भरायचं असं सांगितलं की तो धंदा दुसरा आहे. त्यांच्या गूगल फॉर्मवर लेखांचे 'सर्व हक्क कायमस्वरूपी' अशी ओळ होती, तिच्यावर मी टिक केली होती. कॉपीराइट कायद्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे हक्क द्यायचे तर सहीचा लेखी करार लागतो, टिकवर घाबरून गप्प बसू नका. मी बसले होते.

हे सगळं मी लिहिणार नव्हते. ऑफिसात कुणाला माहीत नाही, आता होईल. पण परवा एका बाईंचा फोन आला, शाळेत शिक्षिका आहेत, त्याही सुट्टीत लिहितात. वेगळंच नाव असलेल्या एका संस्थेच्या जाहिरातीत माझा फोटो आणि माझं नाव आहे म्हणे, 'आमच्या मेघालय ट्रिपच्या लेखिका', खाली गुडघ्यांचं ते वाक्य. त्यांनी फेसबुकवरून शोधून मला विचारलं, 'ताई, ट्रिप कशी झाली?'

499 आणि 3,500 त्यांनी भरले होते. अनामत भरायची होती, म्हणून आधी विचारून घेत होत्या.