झेड, लीन की भांडवली अनुदान? प्रेस शॉपच्या मालकाने आधी कुठला अर्ज भरावा

भोसरी, चाकण, नाशिकचं अंबड, संभाजीनगरचं वाळूज. यापैकी कुठेही तुमचं पंधरा-वीस माणसांचं युनिट असेल तर चित्र साधारण सारखंच असतं: सहा-सात पॉवर प्रेस (पत्रा कापणारी, दाबून आकार देणारी यंत्रं), दोन ग्राइंडर, कोपऱ्यात वेल्डिंग. मोठ्या कंपनीचा ऑडिटर येऊन गेला, प्रेसला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारं कुंपण, नाही म्हणून शेरा मारून गेला. सीए म्हणतात, सरकारी योजना आहेत, त्यातून करून घ्या. मग एकजण झेड (‘झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट’ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र) सुचवतो, दुसरा लीन (वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याची पद्धत), तिसरा जिल्हा उद्योग केंद्रात जायला सांगतो. या लेखात त्या योजना शेजारी शेजारी ठेवून पाहू. निकष एकच: कुठल्या योजनेचा पैसा प्रत्यक्ष मशीनपर्यंत पोचतो?

एक गोष्ट आधीच सांगतो. यातली एकही योजना नावाने सुरक्षेची नाही. कुठली गुणवत्तेची आहे, कुठली उत्पादकतेची, कुठली रोजगाराची. सुरक्षेला त्यात शिरकाव करून घ्यावा लागतो, आणि तो कसा करायचा हे तुमच्या प्रेसवर ठरतं.

अर्जाआधी क्लच बघा

जुन्या सी-फ्रेम (इंग्रजी C च्या आकाराच्या) प्रेसमध्ये बहुतेक वेळा की-क्लच, म्हणजे चावीने जोडला जाणारा क्लच, असतो. फ्लायव्हील सतत फिरत असतं. पॅडल दाबलं की चावी फ्लायव्हीलला क्रँकशाफ्टशी जोडते, आणि एकदा जोडली की रॅम (वरून खाली येऊन दाब देणारा भाग) खाली जाऊन परत वर आल्याशिवाय सुटत नाही. मध्येच थांबवायची सोयच नसते. अशा प्रेसला लाइट कर्टन (हात आत गेला की ओळखणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावून उपयोग नाही. हात आत गेला हे कर्टनला कळेल, ते सिग्नलही देईल, पण तो सिग्नल ऐकून थांबणारं यंत्रात काही नाही. तरीही असे कर्टन लावलेले दिसतात, ऑडिटच्या फोटोत हिरवा दिवा छान येतो, आणि ऑपरेटर त्या दिव्यावर विसंबून हात आत घालतो. गार्ड नसलेल्या प्रेसपेक्षा ही जास्त धोक्याची परिस्थिती आहे.

की-क्लचला चालतो तो बंदिस्त गार्ड. डायच्या (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या) तोंडाला जाळी किंवा पॉलिकार्बोनेटची पेटी, आणि पट्टी आत सरकेल पण बोट जाणार नाही एवढीच फट. जॉब (ज्या तुकड्यावर काम करायचं तो) हातानेच ठेवावा लागत असेल तर रॅम सुटण्याआधी बंद होणारा इंटरलॉक गार्ड. पॅडलवर झाकण, म्हणजे चुकून पाय पडून किंवा वरून एखादा जॉब पडून स्ट्रोक सुटणार नाही. शिवाय चावी, स्प्रिंग आणि ब्रेकची ठरावीक मुदतीने तपासणी, कारण झिजलेल्या चावीमुळे एका पॅडलवर दोन स्ट्रोक येतात आणि दुसऱ्या स्ट्रोकच्या वेळी हात आत असतो. यातलं बहुतेक काम ओळखीचा फॅब्रिकेटर करून देतो.

न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, क्लच-ब्रेकची प्रेस मधल्या मध्ये थांबते. तिला लाइट कर्टन आणि दोन हातांचं कंट्रोल खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं, फक्त कर्टन डायपासून किती अंतरावर लावायचं हे प्रेस थांबायला लागणाऱ्या वेळावरून काढावं लागतं. पण अशी प्रेस म्हणजे भांडवली खरेदी.

म्हणजे तुमच्यापुढे दोन वेगळ्या गरजा आहेत. गार्ड, झाकण, तपासणीचं वेळापत्रक ही छोट्या खर्चाची आणि शिस्तीची बाब. प्रेस बदलणं ही कर्जाची बाब. पहिलीला झेड आणि लीन जवळचे, दुसरीला भांडवली अनुदान. गोंधळ होतो तो दुसऱ्या गरजेसाठी पहिल्या प्रकारचा अर्ज भरल्यामुळे.

झेड: स्वस्त, पण पैसा कागदाभोवती फिरतो

केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाची ही योजना २०१६ साली आली आणि २८ एप्रिल २०२२ ला नव्या रूपात सुरू झाली. नारायण राणे तेव्हा या खात्याचे मंत्री होते. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे तीन स्तर. प्रमाणपत्राचं शुल्क अनुक्रमे १०,०००, ४०,००० आणि ९०,००० रुपये, आणि त्यावर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुउद्योगाला ६० आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के अनुदान. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेलं युनिट सूक्ष्म धरलं जातं, त्यामुळे आपल्या उदाहरणातलं प्रेस शॉप बहुधा त्यातच बसेल. म्हणजे ब्राँझला २,०००, सिल्व्हरला ८,००० आणि गोल्डला १८,००० रुपये खिशातून. झेडची शपथ घेतल्यावर मिळणारं दहा हजारांचं जॉइनिंग रिवॉर्ड धरलं तर ब्राँझ जवळपास फुकटच पडतं. महिला उद्योजकांच्या युनिटला तर शुल्कात पूर्ण सूट आहे.

सुरक्षेच्या दृष्टीने झेडची जमेची बाजू अशी की कार्यस्थळाची सुरक्षितता हा ब्राँझच्या पाच निकषांपैकीच एक आहे. ते टाळून पुढे जाता येत नाही. ज्या युनिटमध्ये अपघाताची नोंदवहीच नाही, अग्निशामक कधी भरला ते कोणाला माहीत नाही, प्रथमोपचाराच्या पेटीत मुदत संपलेलं मलम आहे, तिथे ब्राँझची तयारी एवढ्यासाठीही करण्यासारखी आहे. सिल्व्हर आणि गोल्डला निकष वाढतात, त्यात देखभाल आणि जोखीम व्यवस्थापनही येतं, आणि चावी-स्प्रिंगची तपासणी वेळापत्रकात बसवायला तेच निमित्त पुरतं.

उणी बाजू: अनुदान मिळतं ते प्रमाणपत्राच्या शुल्कावर. गार्डच्या बिलावर नाही. प्रमाणित युनिटला पुढे मार्गदर्शनासाठी दोन लाखांपर्यंत आणि तंत्रज्ञान सुधारणेसाठी तीन लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि सल्लागार याच तीन लाखांचं गाजर दाखवतात. पण ती मदत प्रदूषण कमी करणाऱ्या, स्वच्छ तंत्रज्ञानाच्या बाजूला झुकलेली आहे. बफिंग, पॉलिशिंग, ग्राइंडिंगचं काम असेल तर धूळ ओढून घेणारी यंत्रणा तिथे व्यवस्थित बसते, आणि कामगाराच्या फुफ्फुसांसाठी ती गार्डइतकीच महत्त्वाची आहे. वेल्डिंगचा धूर बाहेर काढणारी यंत्रणाही मांडता येईल. निव्वळ प्रेस शॉपने मात्र या तीन लाखांवर हिशेब मांडू नये.

लीन: माणूस मिळतो, मशीन नाही

१० मार्च २०२३ ला सुरू झालेल्या स्पर्धात्मक लीन योजनेत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र उचलतं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना आणखी ५ टक्के. ५एस (जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत), कायझन (सतत छोट्या सुधारणा), पोका-योके (चूक होऊच नये अशी रचना), एकूण उत्पादक देखभाल ही त्यातली साधनं.

ही सुरक्षेची योजना नाही, पण चांगला सल्लागार मिळाला तर तीच सुरक्षेची होते. प्रेसच्या पायाशी पडलेला स्क्रॅप, तेलाने निसरडी झालेली फरशी, डाय बदलताना सेटर (डाय बसवणारा कारागीर) आणि हेल्परमध्ये उडणारा गोंधळ, हे सगळं ५एसच्या पहिल्या महिन्यात समोर येतं. पोका-योके म्हणून जॉब उलटा बसू नये यासाठी केलेली व्यवस्था बऱ्याचदा हात आत घालायची गरजच काढून टाकते. सल्लागार वेग वाढवायचं बोलून गार्ड काढायला सांगत असेल तर मात्र त्याला तिथल्या तिथे थांबवा. कराराच्या सुरुवातीलाच लिहून घ्या की स्ट्रोक वाढवण्यासाठी कुठलंही संरक्षण काढलं जाणार नाही.

झेड आणि लीन यांत एकच निवडायची असेल तर कागदपत्रं शून्य असलेल्याने झेड ब्राँझ घ्यावं, आणि कागद नीट असूनही शॉप फ्लोअर विस्कळीत असलेल्याने लीन.

भांडवली अनुदान: मशीनपर्यंत पोचणारा पैसा

खरा पैसा इथे आहे, पण तो सगळ्यांसाठी नाही. सर्वांना खुली असलेली १५ टक्क्यांची जुनी पत-संलग्न (बँक कर्जाशी जोडलेली) भांडवली अनुदान योजना आता नाही. तिच्या आशेवर कोणी प्रस्ताव बनवून देत असेल तर देऊ नका पैसे. आज तीन दारं बघण्यासारखी आहेत.

अनुसूचित जाती किंवा जमातीच्या उद्योजकाचं युनिट असेल तर विशेष पत-संलग्न भांडवली अनुदान योजनेत यंत्रसामग्रीवर २५ टक्के, जास्तीत जास्त २५ लाख मिळतात. या लेखातली प्रेस बदलण्यासाठी सर्वांत उपयोगी योजना हीच, आणि पात्र असूनही तिच्याकडे न फिरकलेले बरेच आहेत.

दुसरं दार पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या दुसऱ्या कर्जाचं. तुमचं युनिट मुळात याच कार्यक्रमातून किंवा मुद्रा कर्जातून उभं राहिलं असेल, पहिलं कर्ज फिटलं असेल आणि धंदा नफ्यात असेल, तर उत्पादन युनिटच्या विस्तारासाठी एक कोटीपर्यंतच्या प्रकल्पावर महाराष्ट्रात साधारण १५ टक्के अनुदान मिळतं. ते लगेच हातात येत नाही. बँकेत राखून ठेवलं जातं आणि नंतर कर्जात वळतं होतं. तोवर ती रक्कम हाताशी नसणार, हे धरूनच रोख प्रवाह मांडा.

तिसरं, नवीन युनिट काढणाऱ्यांसाठी राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, १५ ते ३५ टक्के. चालू युनिटला तो लागू नाही. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेचं नाव तुम्ही ऐकलं असेल, पण तिचा भर मागास भागातल्या नव्या गुंतवणुकीवर आहे. पुणे-पिंपरीतल्या जुन्या युनिटने तिच्यामागे वेळ घालवू नये.

तिन्हींत सुरक्षा शिरवायची जागा एकच, ती म्हणजे कोटेशन. पुरवठादाराकडून प्रेसची किंमत आणि गार्डची किंमत वेगवेगळी घेऊ नका. न्यूमॅटिक क्लच-ब्रेक, लाइट कर्टन, दोन हातांचं कंट्रोल, डायचा गार्ड हे सगळं यंत्राच्याच वर्णनात, एका किमतीत लिहून घ्या. मग ते यंत्रसामग्री म्हणून धरलं जातं. सुटी ओळ असेल तर बँकेतला अधिकारी ती ‘ॲक्सेसरी’ म्हणून खोडतो, आणि मालकही बजेट कमी पडलं की आधी तिच्यावरच काट मारतो. आणि मंजुरी हातात येण्याआधी खरेदी करू नका.

बाहेर हे कसं चालतं

अमेरिकेत ओहायो राज्याचं कामगार भरपाई खातं सुरक्षेसाठी थेट अनुदान देतं. मालकाच्या एका डॉलरमागे खात्याचे तीन डॉलर, कमाल ४०,००० डॉलर, आणि पैसा जातो तो धोका कमी करणाऱ्या उपकरणावर. इटलीत कामगारांच्या अपघात विम्याची राष्ट्रीय संस्था, इनाइल, अशा प्रकल्पांच्या खर्चाचा ६५ टक्के भाग १,३०,००० युरोपर्यंत उचलते. दोन्हीकडे पैसा देणारी संस्था विम्याची आहे. अपघात घटला की भरपाईही घटते, त्यामुळे गार्डवर केलेला खर्च तिच्याच तिजोरीत परत येतो.

आपल्याकडे मालक मजुरीच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के राज्य कामगार विमा महामंडळाला भरतो. युनिटमध्ये अपघात झाले काय, न झाले काय, दर तोच. बोट गेल्यावर तात्पुरत्या अपंगत्वाचे मजुरीच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात, कायमचं नुकसान असेल तर निवृत्तिवेतन. ही मदत मोलाची आहे. पण त्याच निधीतला थोडासा भाग प्रेसच्या गार्डवर आधी खर्च झाला असता तर किती हात वाचले असते, हा प्रश्न लघुउद्योजकांच्या संघटनांनी ठामपणे मांडायला हवा. वाहनउद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या जखमींसोबत काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेच्या अहवालांत बोटं जाण्याच्या कारणांत पॉवर प्रेस वर्षानुवर्षं सर्वांत वर आहे. इलाज ठाऊक असलेला, स्वस्त असलेला धोका असा चालू राहावा हे मला मान्य होत नाही.

मग तुम्ही काय करायचं

प्रेस सगळ्या की-क्लचच्या आणि कर्ज काढायची तयारी नाही: गार्ड आणि पॅडलची झाकणं या महिन्यात स्वतःच्या पैशाने बसवा, त्यांचे फोटो आणि तपासणीची वही तयार ठेवा, आणि त्याच कागदांवर झेड ब्राँझ घ्या. या क्रमाने गेलात तर प्रमाणपत्राचा अर्ज भरणं हे एका बैठकीचं काम उरतं. यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण घालण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाना अधिनियमापासून मालकावरच आहे, आणि नव्या सुरक्षा संहितेतही ती मालकाकडेच आहे. अनुदान यायचं होतं, हे उत्तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकापुढे चालत नाही.

ऑर्डर वाढतायत, एखाददुसरी प्रेस बदलायचीच आहे: आधी विशेष भांडवली अनुदानाची पात्रता तपासा, नसेल तर दुसऱ्या कर्जाची. दोन्ही नसेल तर साधं मुदत कर्ज घ्या. तारण नसेल तर सीजीटीएमएसईची (लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणारा न्यास) हमी आहे, आणि झेड प्रमाणपत्र असलेल्यांना काही बँका शुल्कात किंवा व्याजात सवलत देतात, ती मागून घ्या.

ग्राइंडिंग-बफिंग जास्त: झेडमध्ये वरच्या स्तरापर्यंत जा आणि धूळ-धुराच्या यंत्रणेसाठी तंत्रज्ञान मदत मागा.

उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून केंद्राकडची ऑनलाइन नोंदणी) अद्ययावत आहे ना ते सगळ्यात आधी बघा, जुन्या गुंतवणुकीच्या आकड्यामुळे वर्ग चुकला तर अनुदानाचा टक्काच बदलतो. योजनांच्या मुदती आणि दर बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवरचा आकडा ताडून घ्या. आणि नवी प्रेस आल्यावर जुनी की-क्लचची प्रेस विकणार असाल तर ती गार्डसकट विका. घेणारा बहुधा शेजारच्याच गल्लीतला, तुमच्यापेक्षा छोटा असेल, आणि तिच्यासमोर बसणारा पोरगा कदाचित तुमच्याकडूनच सोडून गेलेला हेल्पर असेल.